कधीही स्पर्धा न खेळलेल्या मामांची ताकद किती धरायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मामा साताऱ्यात असतात, वय ५६, सहकारी बँकेत नोकरी. आयुष्यात एकही अधिकृत बुद्धिबळ स्पर्धा खेळलेले नाहीत. राजवाड्याजवळ संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत त्यांना हरवणारा कुणी नाही. मोबाईलवर दहा मिनिटांच्या डावांत त्यांचं रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा, २१०० च्या आसपास आहे. आणि दिवाळीत घरी आलेल्या, फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १७५० असलेल्या एका मुलाला त्यांनी चारपैकी तीन डावांत हरवलं. तुम्ही विचारताय की मामा मास्टरच्या तोडीचे असतील का, असे झाकले माणिक खरंच असतात का, आणि त्यांना आता स्पर्धेत उतरवावं का.

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि स्पर्धांत पंच म्हणूनही काम करतो. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी घेऊन येतंच. मामांच्या जागी कधी सासरे असतात, कधी शाळेतले पीटीचे सर, कधी एसटीतून निवृत्त झालेले आजोबा. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न असतो, तो लिहिलेला नसतो: एवढा हुशार माणूस वाया गेला का? त्यावरही बोलू. पण आधी मोजमापाचं बघू, कारण घोळ तिथेच सुरू होतो.

माझा अंदाज सांगून टाकतो. मास्टर नाहीत. फिडेच्या मोजपट्टीवर १६०० ते १८५० च्या दरम्यान कुठेतरी. मोबाईलवरचे २१०० कुठल्या संकेतस्थळावरचे, यावर बरंच अवलंबून आहे. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो, चेस डॉट कॉमचा हिशोब वेगळा, त्यामुळे दोन्हीकडचे २१०० एक नव्हेत. चेस डॉट कॉमवर असतील तर मी मामांना वरच्या टोकाला धरेन, कदाचित थोडं पुढेही. लिचेसवर असतील तर मधे. शिवाय ज्या दहा मिनिटांच्या डावाला ही संकेतस्थळं ‘रॅपिड’ म्हणतात, तो फिडेच्या नियमांत ‘ब्लिट्झ’मध्ये जातो. म्हणजे मामांचा आकडा हा झटपट डावांचा आकडा आहे. तास-दीड तासाच्या डावाबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

आणि १८०० म्हणजे काही कमी नाही, हे आधीच सांगतो. ‘मास्टर नाहीत’ म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. पण अंतर किती ते बघा. कँडिडेट मास्टर ही फिडेची खुल्या गटातली सगळ्यात खालची मास्टर पदवी, तिला २२०० लागतात. फिडे मास्टरला २३००. इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि वर तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी तीनदा. रेटिंगमध्ये ४०० चा फरक असेल तर वरच्याकडून शंभर डावांत ९२ गुणांची अपेक्षा धरतात, खालच्याकडून आठांची. म्हणजे १८०० चा माणूस २२०० वाल्यापुढे जवळजवळ हरायलाच बसतो. आणि तोच १८०० चा माणूस राजवाड्यावर बसणाऱ्या, नुसत्या चाली येणाऱ्या शंभर जणांना ओळीने हरवू शकतो. राजवाड्यावरून पाहिलं तर १८०० आणि २४०० यांत काही फरकच दिसत नाही, दोघंही ‘कधीच न हरणारे’. आपल्याकडच्या निम्म्या दंतकथा इथूनच निघतात.

आता ते दिवाळीतले चार डाव. चार डावांतून फार काही निघत नाही. अगदी बरोबरीचे दोन खेळाडू घ्या, बरोबरीत सुटणारे डाव बाजूला ठेवा. त्यांच्यातल्या ठरावीक एकाने चारपैकी तीन किंवा चारही डाव जिंकण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के असते. समोरच्यापेक्षा १०० गुणांनी कच्चा असलेला खेळाडूही साधारण सातात एकदा असा निकाल काढून दाखवतो. त्यात फराळ चाललाय, घड्याळ नाही, मुलाला हरण्याची फिकीर नाही आणि आत्या मागून विचारतेय, ‘चहा घेणार का रे?’ हे डाव मजेचे, मोजण्याचे नव्हेत.

त्या मुलाचे १७५० सुद्धा जरा उलगडून बघावे लागतात. १ मार्च २०२४ ला फिडेने रेटिंगची तळरेषा १००० वरून १४०० वर नेली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वर उचललं. जुन्या रेटिंगपासून २००० पर्यंत जेवढं अंतर, त्याच्या ४० टक्के गुण वाढवून दिले. म्हणजे आजचे १७५० त्याआधीच्या पट्टीवर १५८० च्या आसपास भरतात. तुमच्या ओळखीच्या कुणी दहा वर्षांपूर्वी ‘१७५० म्हणजे काय दांडगा खेळाडू’ असं सांगितलं असेल तर तो वेगळा १७५० होता. पण याच्या उलटही खरं आहे. आपल्याकडची शाळकरी मुलं रेटिंगपेक्षा वेगाने सुधारतात. सहा महिने स्पर्धा न खेळलेल्या मुलाचा आकडा मागे राहिलेला असतो आणि पोरगं पुढे गेलेलं असतं. तेव्हा त्या एका आकड्याला दोन्ही बाजूंनी थोडा हात राखून घ्या.

मोजमापाची खरी गोम मात्र वेगळीच आहे. रेटिंग कुठलंही असो, फिडेचं, मोबाईलवरचं की कट्ट्यावरच्या मानाचं, ते फक्त ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्यांच्या तुलनेत असतं. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. क्लॉड ब्लडगूड हा व्हर्जिनियातल्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा कैदी. तो तुरुंगातल्या इतर कैद्यांशी अधिकृत डाव खेळत राहिला, हजारोंनी. बाहेरचं कुणी त्या वर्तुळात येत नव्हतं. १९९६ मध्ये त्याचं रेटिंग २७०२ झालं आणि अमेरिकेच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. खेळायला तो वाईट नव्हता, पण दुसऱ्या क्रमांकाचा तर मुळीच नव्हता. वर्तुळ बंद असलं की आकडा फुगतो. ब्लडगूडचा कागदावर फुगला, कट्ट्यावरचा लोकांच्या तोंडी फुगतो.

‘ठीक आहे, पण एखादा खराच असेल की लपलेला,’ असं तुम्ही म्हणाल. मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात चांगल्या बिनस्पर्धेच्या खेळाडूबद्दल सांगतो. हळदीच्या एका अडत पेढीवर ते दिवाणजी होते. हल्ला चढवण्यात इतका तरबेज माणूस मी रेटिंगवाल्यांतही कमी पाहिलाय. समोरच्याने किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात लपवला रे लपवला की यांचा उंट आणि वजीर त्या बाजूला वळलेच. एक घोडा फुकट देऊन सहा चालींत मात, हे त्यांचं रोजचं. माझ्या वर्गातला एक १९०० चा मुलगा त्यांच्याशी झटपट डावांत सपाटून हरला. मग आम्ही दोघांना तास-तासाचं घड्याळ लावून बसवलं, तेव्हा चित्र उलटलं. मुलाने हल्ला होऊच दिला नाही. वजीर बदलले, एक प्यादं जास्त घेतलं आणि डाव शेवटाला नेला. दिवाणजींना तिथे काय करायचं हे ठाऊकच नव्हतं. राजा बाहेर काढायचा हेही त्यांना सुचेना, कारण आयुष्यभर राजा लपवायची सवय.

यात बुद्धीची कमतरता नव्हती. त्यांच्या मंडळींत एक मोहरं गेलं की समोरचा पट उधळून ‘चला, दुसरा लावा’ म्हणायचा. त्यामुळे त्यांचा डाव शेवटापर्यंत कधी गेलाच नव्हता, आणि जो भाग खेळलाच नाही तो शिकणार कुठून? त्यांच्या चुकीच्या हल्ल्यांनाही कुणी शिक्षा केलेली नव्हती. चुकीचा हल्ला जिंकून देतो तेव्हा माणूस तोच हल्ला पुन्हा करतो, वीस-वीस वर्षं करतो. विहिरीत कितीही पोहलात तरी कृष्णेची ओढ काय असते ते कळत नाही, तसला प्रकार. मास्टरची ताकद घडते ती आपल्यापेक्षा चांगल्यांकडून लांब डाव हरून, ते डाव लिहून ठेवून, आणि घरी येऊन ‘कुठे चुकलं’ हे शोधून. या तिन्ही गोष्टी स्पर्धेबाहेर मिळणं पूर्वी जवळजवळ अशक्य होतं.

आता थोडं बदललंय, हे मान्य करायला हवं. आज साताऱ्यात बसून कुणीही मोबाईलवर परदेशातल्या पदवीधारक खेळाडूशी खेळू शकतो आणि डाव संपताच इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक, चूक दाखवतं. त्यामुळे एकही स्पर्धा न खेळता १९००-२००० च्या ताकदीला पोहोचलेली तरुण मुलं आता दिसतात. अशांपैकी एखादा २२०० चाही निघू शकेल. पण त्याचं वय विशीत असणार आणि तो रोज चार तास तेच करत असणार. ५६ व्या वर्षी नोकरी सांभाळून रात्री जेवणानंतर पाच-सहा डाव खेळणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा मी धरणार नाही.

झाकल्या माणकाचा विषय निघाला की मीर सुलतान खानचं नाव येतंच. पंजाबातला माणूस, जमीनदार उमर हयात खान यांच्या पदरी. लहानपणी देशी पद्धतीने खेळायला शिकला. १९२९ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ ला परत जिंकलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. लोक ही गोष्ट ‘बघा, खेड्यातून थेट अजिंक्यपद’ अशी सांगतात. पण मधलं गाळतात. मालकाने त्याला हेरून पदरी ठेवला, तयार करवला, १९२८ मध्ये तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. इंग्लंडात गेल्यावर सरावाच्या स्पर्धेत तो आधी मार खाऊन आला, कारण ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, अभ्यास नव्हता. मग विंटर आणि येट्स या तिथल्या मुरलेल्या खेळाडूंनी त्याच्यावर मेहनत घेतली. म्हणजे बुद्धी खेड्यात होती, ताकद मात्र चांगल्यांशी खेळूनच दिसली.

त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि तुमच्या प्रश्नाला तेच जास्त लागू पडतं. १९३३ च्या अखेरीस तो मालकाबरोबर परत आला. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळला, त्यात फक्त एक डाव बरोबरीत सोडला, बाकी नऊ जिंकले. त्यानंतर स्पर्धांच्या जगातून तो गेला तो गेलाच. गावाकडे शेती केली आणि १९६६ मध्ये क्षयाने वारला. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये. म्हणजे तीसेक वर्षं त्या भागात खराखुरा जागतिक दर्जाचा, स्पर्धा न खेळणारा एक खेळाडू राहत होता. असे लोक असतात. पण ते आधी कधीतरी खेळलेले असतात.

आता मामांच्या पिढीला रेटिंग का नाही, याचं एक साधं कारण आहे, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. मामा विशीत होते तेव्हा, १९९० च्या आसपास, फिडेच्या यादीत पुरुषांना २२०० च्या खाली रेटिंगच नव्हतं. १९९३ मध्ये ती मर्यादा २००० वर आली आणि उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर. म्हणजे तेव्हा मामा अगदी १९०० च्या ताकदीचे असते आणि दर महिन्याला स्पर्धा खेळले असते, तरी त्यांच्या नावापुढे आकडा लागला नसता. आज दुसरीतल्या मुलाला फिडे रेटिंग असतं आणि मामांना नाही, यात मामांचा आळस धरू नका.

शिवाय गावागावात फरक होता. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, दरवर्षी स्पर्धा भरवल्या, मुलामुलींना समोर बसवून शिकवलं. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे, ही नावं सांगलीशी जोडलेली आहेत ती उगाच नाही. पट, घड्याळ, समोर चांगला खेळाडू आणि ‘जा, खेळून ये’ म्हणणारं वडीलधारं माणूस, एवढं ज्याला गल्लीत मिळालं तो स्पर्धेत गेला. ज्याला नाही मिळालं तो कट्ट्यावर राहिला. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटर. आज हे अंतर काही नाही, पण तेव्हाच्या एका कारकुनाच्या मुलाने सुट्टीत आठवडाभर सांगलीत राहून बुद्धिबळ खेळायचं म्हणजे घरी काय उत्तर मिळालं असतं, ते मामांनाच विचारा.

आणि आज? आजही लोक खेळत नाहीत, त्याचीही कारणं आहेत. नऊ फेऱ्यांची रेटिंग स्पर्धा म्हणजे साधारण पाच दिवस, रोज दोन डाव. तेवढी रजा, प्रवेश फी, लॉजचं भाडं, जेवण. मुलांचे आईवडील हा खर्च भविष्याकडे बघून करतात, छप्पन्नाव्या वर्षी तो स्वतःवर करायला मन होत नाही. पण खरं कारण बहुधा दुसरंच असतं आणि ते कुणी बोलत नाही. कट्ट्यावर ज्याला ‘मास्तर’ म्हणतात, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी आठ वर्षांची मुलगी येऊन बसते. पाय जमिनीला टेकत नाहीत, बाटलीतून पाणी पिते, तुमच्या चालीवर क्षणभर बघते आणि शांतपणे तुमचा हत्ती घेऊन जाते. बाहेर तिची आई डबा घेऊन उभी असते. हे मी पंचाच्या खुर्चीवरून अनेकदा पाहिलंय. दुसऱ्या फेरीला न आलेली मोठी माणसंही पाहिलीत. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पस्तीस वर्षं कमावलेलं नाव एका दुपारी पणाला लावायचं, बदल्यात काय, तर १६५० असा एक आकडा. हा सौदा सगळ्यांना परवडत नाही.

म्हणून ‘वाया गेले का’ या न लिहिलेल्या प्रश्नावर माझं मत असं. मामांना पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी खेळायला माणसं मिळाली आणि अजूनही त्यांना या खेळाचा कंटाळा आलेला नाही. माझ्या वर्गातल्या रेटिंगवाल्या मुलांपैकी बरीच दहावीला पट माळ्यावर टाकतात आणि परत काढत नाहीत. यात वाया कोण गेलं ते तुम्हीच ठरवा. हां, एक मात्र आहे. मामांना स्वतःला हुरहूर असेल, तर गोष्ट वेगळी. ती त्यांना आहे की तुम्हाला, एवढं आधी तपासा. भाच्यांची हुरहूर मामांच्या गळ्यात घालू नये.

समजा मामांनाच जाणून घ्यायचंय. तर स्पर्धेच्या आधी घरच्या घरी कसं मोजाल ते सांगतो. साताऱ्यातच १७००-१८०० रेटिंगचा एखादा मोठा माणूस शोधा, शाळकरी मुलगा नको. दोघांनी दर रविवारी एक असे दहा डाव खेळावेत. प्रत्येकाला तासभर, मधे घड्याळ, हात लावलेलं मोहरं चालवायचंच, प्रत्येक चाल लिहायची, फोन दुसऱ्या खोलीत. बघे नकोत, निदान बोलणारे तरी नकोत. दहा डावांत पाच गुण मिळाले तर मामा साधारण त्याच्याच बरोबरीचे. शंभर-सव्वाशेचा फरक इकडेतिकडे तरीही धरावा लागतो, पण दिवाळीतल्या चार डावांपेक्षा हे कितीतरी बरं.

पहिल्या दोन-तीन डावांत मामा बिचकतील. घड्याळ दाबायचं राहून जाईल. चाल लिहिताना विचार तुटेल. देशी पद्धतीने शिकले असतील तर दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं जाता जाता मारण्याचा नियम विसरतील, मोबाईलवर तो आपोआप होत असला तरी पटावर डोळ्याला दिसत नाही. हे धरून चाला.

दहा डावांना वेळ नसेल तर एक छोटी परीक्षा. (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूने.) पांढरा राजा ई-५ वर, पांढरं प्यादं ई-६ वर, काळा राजा ई-७ वर, बाकी पट रिकामा. चाल काळ्याची. मामांना विचारा, काळा राजा कुठे न्याल? बरोबर उत्तर एकच, सरळ मागे ई-८. मग पांढरा राजा डी-६ वर आला तर काळा डी-८ वर, एफ-६ वर आला तर एफ-८ वर, आणि डाव बरोबरीत सुटतो. पहिल्याच चालीला डी-८ किंवा एफ-८ वर गेलात तर पांढरा राजा समोर येऊन उभा राहतो, प्यादं पुढे सरकतं आणि वजीर होतो. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला हे तिसऱ्या महिन्यात पाठ असतं. मामांनी पटकन ई-८ दाखवून कारणही सांगितलं, तर माझा अंदाज मी वर सरकवेन. विचार करून, बोटं मोजून काढलं तर आणखी वर, कारण न शिकता सापडणं ही मोठी गोष्ट. चुकले तर त्यांच्या ताकदीत नेमकी कुठली विटेची जागा रिकामी आहे ते कळेल, आणि ती दोन महिन्यांत भरता येते. राजा-प्यादी, हत्तीचे शेवट, एवढंच धरा. या वयात ओपनिंगची पुस्तकं घेऊन बसण्यात अर्थ नाही.

आणि खेळायचंच ठरलं तर थोडं व्यवहाराचं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी करावी लागते, त्यातून फिडेचा क्रमांक मिळतो. पहिलं रेटिंग लागायला रेटिंग असलेल्यांविरुद्ध किमान पाच डाव लागतात, ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही. हिशोबात फिडे आपल्या बाजूने दोन काल्पनिक डाव घालते, १८०० च्या दोघांशी बरोबरी केल्यासारखे. उदाहरणार्थ मामा १६०० सरासरीच्या सहा जणांशी खेळले आणि तीन गुण मिळवले, तर त्या दोन डावांसह आठांत चार गुण, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १६५०, आणि मामांचं पहिलं रेटिंग १६५०. पहिली स्पर्धा एका दिवसाची रॅपिड निवडा, रविवारी होते, रजा लागत नाही. तिचं रेटिंग वेगळं असतं, क्लासिकलचं (लांब डावांचं) नव्हे, पण हॉलची, घड्याळाची आणि त्या आठ वर्षांच्या मुलीची सवय होते.

एक आगाऊ सूचना. रेटिंग नसलेला खेळाडू यादीत तळाशी असतो आणि पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातल्या कुणाशी तरी गाठ पडते. म्हणजे मामांचा आयुष्यातला पहिला अधिकृत डाव बहुधा त्यांच्यापेक्षा बऱ्याच चांगल्या खेळाडूशी असेल आणि ते तो हरतील. हे त्यांना आदल्या दिवशी सांगा, सकाळी हॉलमध्ये नको. दुसऱ्या फेरीपासून गाठी हळूहळू बरोबरीच्या होत जातात.

दहा डाव खेळून झाले तर त्यांच्या नोंदी इथे टाका. जिंकलेले नकोत. हरलेल्यांतले दोन पुरेत, आणि त्यातला निदान एक चाळीस चालींच्या पुढे गेलेला असू दे.